हाकाऱ्याचा नातू

पुण्यात कुणाच्याही पराक्रमाचा फुगा एका शब्दात फोडणारा माणूस एकच होता, आमच्या घरमालकांचा थोरला भाऊ. सगळे त्यांना आबा म्हणत. हडपसरला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या दिवशी घरमालक कौतुकाने म्हणाले, "हे घर मी बांधलं." खाटेवरून आवाज आला, "एकट्यानं?" घरमालकांनी घाईने किल्ली माझ्या हातात ठेवली. एका सत्काराला निवेदक म्हणाला, "हा रस्ता साहेबांनी केला," तेव्हाही तिसऱ्या रांगेतून तोच प्रश्न उठला. कोथरूडला भाचीच्या सोयरिकीची बैठक होती. मुलाचे वडील म्हणाले, "मुलाला मी घडवलं." आबांनी विचारलं, आणि मुलाच्या आईला इतकं हसू फुटलं की लग्न तिथेच ठरलं.

या शब्दाचं मूळ मांजरीपलीकडे होतं. तिथे उसाच्या फडांमागे एका संस्थानाचा जुना शिकारबंगला आहे. आबा मला तिथे मागच्या दाराने नेत. "पुढच्या दारानं आमचं कुणी गेलं नाय," एवढंच कारण. दिवाणखान्यात एक फोटो होता. मधोमध राजेसाहेब, पायाशी मेलेला बिबट्या आणि चौकटीच्या कडेला कापलं गेलेलं कुणाचं तरी कोपर. खाली लिहिलेलं, 'राजेसाहेबांनी मारलेला बिबट्या'. आबांचे आजोबा त्या शिकारीत हाकारे होते. डबे बडवत, ओरडत जनावर रानातून बंदुकीसमोर आणायचं, हे हाकाऱ्यांचं काम. त्या दिवशी जखमी बिबट्या उलटला आणि आजोबा घरी परतले नाहीत. आबा कोपरावर बोट ठेवून सांगत, "आजा तवर रानात पडलेला. हे दुसऱ्या कुणाचं तरी. पण आमच्यातलंच हाय."

गेल्या वर्षी बंगला एका बिल्डरकडे गेला. नव्या सोसायटीचं क्लबहाउस होणार होतं, आणि मी लेखनाची कामं घेते म्हणून भिंतीवर लावायच्या इतिहासाचा मजकूर लिहायला माझ्याकडे आला. माझ्या माहेरी वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं वाचली जात. मी पेटूनच उठले. राजेसाहेबांना पार वगळलं आणि आबांच्या आजोबांचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही शिकार यांनी केली'. आबांना वाचून दाखवलं. वाटलं, डोळे भरून येतील. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "एकट्यानं?"

"अहो आबा, तुमच्या सख्ख्या आजोबांचं नाव आहे!" मी चिडून म्हणाले.

"व्हय. राजाचं नाव खोडलंत, पण खोड तीच ठेवलीत की, लेखिकाबाई."

मग आबा बसने वाडीवाडीला फिरू लागले. म्हाताऱ्यांना गाठून त्या हाक्याला कोण कोण होतं ते विचारत. हाताला अकरा नावं लागली. बाकीच्यांची नावं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. "त्यांच्या वळी मोकळ्या सोडा," आबा म्हणाले. "कुणाला कधी आठवलं, तर जागा पायजे."

फलक लागायच्या आधीच आबा गेले. बिल्डरच्या माणसाला मोकळ्या ओळींत कंपनीचं चिन्ह टाकायचं होतं. मी भांडले, आणि ओळी मोकळ्या राहिल्या.

कुणाला बंगला दाखवायचा असला की मी मागच्या दारानेच आत नेते. फलक वाचून लोक विचारतात, "छान आहे. तुम्ही लिहिलंत?"

मी क्षणभर थांबते. मागून काहीच आवाज येत नाही. मग मीच म्हणते, "हो. पण एकटीनं नाही."