धान खरेदीच्या परीक्षेत गडचांदूरची मुलगी

धान खरेदी करण्याआधी गडचांदूरच्या एका मुलीचा फोटो दोनदा मोठा करून पाहावा लागतो, ही नवी पद्धत चामोर्शीत मी सुरू केली.

माझा इथे बाजाराच्या रस्त्यावर कंप्युटर क्लास आहे. मागच्या हंगामाआधी धान खरेदी केंद्राचे व्यवस्थापक साहेब क्लासात आले. केंद्रावर नवं सॉफ्टवेअर येणार होतं आणि ते चालवायला ऑपरेटरची एक जागा निघाली होती.

"नंदूभाऊ, उमेदवारांना शिकवायचं बी कंप्युटरनं आणि मार्क बी कंप्युटरनंच द्यायचे. माणसानं मार्क देल्ले का गावात भांडणं होतेत. जमन का?"

"साहेब, हे तं माह्या डाव्या हाताचं काम होय!" मी म्हणालो. (आणि अगदी तसंच केलं!)

रीत सोपी होती. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं आणि सॉफ्टवेअरवर आपलं काम करत जायचं. तुम्ही जिथे क्लिक कराल, ती पडद्याच्या चित्रासकट धड्याची एक पायरी होते. शिकणाऱ्याने त्याच चित्रांवर तेच क्लिक करायचे. सरावात वाट दाखवायला बाण असतो. परीक्षेत बाण गायब! जागा चुकली की लॅपटॉपमधून आवाज येतो, "चूक. पुन्हा प्रयत्न करा."

आता खरी गोष्ट. या जागेसाठी आमच्या वर्षावहिनीनेही अर्ज केला होता. वहिनी बीए झालेली, माझ्याच क्लासात कंप्युटर शिकलेली. "भाऊजी, या घरात शेणापासून सणापर्यंत सारं मी पायतो," ती म्हणायची, "पण माही म्हणून एक खुर्ची नाई. मले थे खुर्ची पायजे." 

सरावाचा धडा क्लासात झकास झाला. परीक्षेचा धडा करायला बसलो आणि लाइट गेली. घरी इन्व्हर्टर आहे, म्हणून लॅपटॉप उचलून घरी आलो आणि वहिनीला बजावलं, "तुमी स्वयंपाकघरातून बाहेर याचं नाई. पेपर आहे!" ती बिचारी आत गेली आणि तिने दारही लावून घेतलं. आईला बजावायचं मात्र राहिलं.

सुरुवातच झाली चुकीपासून. तालुका निवडताना चामोर्शीऐवजी मुलचेऱ्यावर क्लिक पडला. मागे आलो, चामोर्शी निवडला. एवढ्यात आई बाजूला येऊन बसली.

"नंदू, पाह्यला का नाई थो फोटो? मावशीनं कवाचा पाठवला, गडचांदूरच्या पोट्टीचा!"

"आई, काम करून राह्यलो न!"

"काम कुठी पळून जाते? पोट्टी जाईन!"

आमच्या आईचा आवाज असा की ती घरात कुजबुजली तरी बाजारातला भाजीवाला वळून पाहतो. वाद नको म्हणून रेकॉर्डिंग चालू असतानाच लॅपटॉपवर फोटो उघडला. आईला नीट दिसावा म्हणून मोठा केला. मग (खरं सांगतो) मला नीट दिसावा म्हणून आणखी मोठा केला. तेवढ्यात क्विंटलची पोती किती, हा हिशेब अडला, म्हणून कॅल्क्युलेटर उघडला. हे सगळं नंतर कापून टाकू, असं ठरवलं. आईने झुणका वाढला, मी जेवलो, आडवा झालो आणि कापायचं साफ विसरलो!

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर ओळीने लॅपटॉप मांडले. सुरू करा म्हटल्याबरोबर एका कोपऱ्यातून आवाज आला, "चूक. पुन्हा प्रयत्न करा." मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग सगळीकडून! बेडकं ओरडावी तसं झालं.

"साहेब," एक उमेदवार ओरडला, "चामोर्शी निवडली तं चूक म्हणते! चामोर्शीतच चामोर्शी चालत नाई का?"

कापायला विसरलेला माझा मुलचेराच आता बरोबर उत्तर झाला होता! काहींनी वैतागून तालुक्यांची सगळी यादी बडवली, तेव्हा कुठे पुढे सरकले. पुढे होता फोटो!

"हे शेतकरी होय का?" साहेबांनी चष्मा वर करून विचारलं.

"बाप्पा!" मागचा एक जण उभाच राहिला. "हे तं माही मामेबहीण होय! इथी कशी आली?"

साऱ्या नजरा माझ्यावर. मी खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड फार मन लावून पाहू लागलो.

सगळे तिथेच अडकले. एकच लॅपटॉप शेवटपर्यंत गेला. वहिनीचा! पडद्यावर हिरव्या अक्षरात 'उत्तीर्ण'. साहेबांचा चेहरा मात्र लाल.

"दीर पेपर काढते आणि भावजय पास होते? पेपर फुटला! यांचं नाव बाद करा!"

 चूक माझी आणि खुर्ची जाणार तिची! मी तोंड उघडणार, तोच वहिनी उठली.

"साहेब, मी पेपर नाई पाह्यला. मी भाऊजीले पाह्यलं आहे. ज्या माणसाले तेल आणाले पाठवलं तं मीठ घेऊन येते, त्यानं पयला क्लिक बरोबर केला असन का? चामोर्शी चूक निघाली तवाच समजली मी, का हे रस्ता चुकले. आणि फोटोचं म्हणान, तं आमच्या सासूबाईच्या आवाजानं साऱ्या मोहल्ल्याले माहीत आहे. एकदा सासूबाईसाठी मोठा करन, एकदा सोतासाठी, आणि हिशेबाले कॅल्क्युलेटर तं उघडनच!"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी हसू मिशीत दाबलं. "बरं बाई. पण मग हे मार्क सॉफ्टवेअरचे का दिराचे?"

"म्हणूनच म्हणतो, खऱ्या सॉफ्टवेअरवर घ्या परीक्षा. साऱ्याईची घ्या. माही पयली!"

बाहेर एक शेतकरी नोंदणीसाठी थांबला होता. साहेबांनी त्याला आत बोलावून वहिनीसमोर बसवलं. मी देवाचं नाव घ्यायला लागलो. वहिनीने त्याला गाव विचारलं, सातबारा पाहिला, धानाचा ओलावा भरला, पोत्यांचा हिशेब तोंडी केला (कॅल्क्युलेटर नाही!) आणि प्रिंटरमधून पावती काढून त्याच्या हातात ठेवली. "झालं?" शेतकऱ्याने विचारलं. "झालं जी," वहिनी म्हणाली. बाकीच्यांनीही परीक्षा दिली, दोघातिघांना बरी जमली, पण पहिला नंबर वहिनीचाच आला. मला इतका आनंद झाला की मीच टाळ्या वाजवल्या. (साहेबांनी डोळे वटारले, तेव्हा थांबलो.)

हंगाम सुरू झाला आणि वहिनी खुर्चीवर बसली. साहेबांनी नवा धडाही तिच्याकडूनच रेकॉर्ड करून घेतला. आवाज तिचा, बोली आपली: "चुकलं जी. घाबरू नका, अखीन एकदा करा." त्या धड्यावर केंद्रातले सगळे कर्मचारी पास झाले, चौकीदारसुद्धा! नापास झाला तो एकच जण. त्याचा चामोर्शीत कंप्युटर क्लास आहे. प्रवेश सुरू आहेत!