मागून वाजणारा संबळ

द्वारका चौकाजवळ मुझफ्फरभाईचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांत एकच भिंत आहे, तीही पातळ. तो त्याच्या गिऱ्हाइकावर ओरडला की माझं गिऱ्हाईक दचकतं. लग्नाचे भलेमोठे व्हिडिओ लहान करून पेनड्राइव्हवर द्यायचे, हा त्याचा धंदा. लोकांना फाइल छोटी हवी, चित्र झकास हवं, आवाजाची मात्र कोणालाच पडलेली नाही, यावरून त्याचं डोकं कायम तापलेलं. "कान काय चष्मा अडकवायला दिलेत का?" असं तो नवरदेवाच्या बापालाही विचारतो. त्याच्या तोंडापायी मी दोनदा अबोला धरलाय.

गेल्या महिन्यात हरसूलकडची कुसाबाई दोन एसट्या बदलून आली. पेनड्राइव्ह पुढे धरून म्हणाली, "दादा, ह्यात आमच्या मालकाचा संबळ नाय."

तिच्या पाड्यावर दरवर्षी बोहाडा होतो. मुखवटे घालून सोंगं नाचतात. तिथली रीत अशी, की सोंगाच्या पुढे पिपाणी चालते आणि मागे संबळ. मुझफ्फरभाईने गेल्या साली हौसेने चार कोपऱ्यांत चार माइक लावून तो बोहाडा टिपला होता. ऐकणाऱ्याला आपण मधोमध उभे आहोत असं वाटावं, म्हणून. संबळ वाजवणारा मोतीराम म्हणजे कुसाबाईचा नवरा, म्हणून पेनड्राइव्ह त्यांच्याच घरी दिला होता. पुढे श्रावणात तो तापाने गेला.

"आठ दिसांनी वर्षसराध हाय," ती म्हणाली. "गावाला त्यांचा संबळ ऐकवायचाय."

"मावशी, टीव्ही बदला! दोन फुटक्या स्पीकरांत काय ऐकू येणार?"

"पिपाणी येती ना ऐकू. मान्सं वरडत्यात ती बी येतात. संबळच तेवढा नाय."

तो पुन्हा ओरडणार, तेवढ्यात मी भिंतीपलीकडून उठून गेलो. माझंही टाळकं सटकलं होतं. "अरे, बाई एवढ्या लांबून आलीय, आधी लावून तर बघ!"

त्याने लावलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

चूक त्याचीच होती. लग्नात कॅमेऱ्याच्या मागे काय वाजतं? ताटं, जनरेटर आणि आचाऱ्याच्या शिव्या. म्हणून फाइल लहान करताना तो मागच्या माइकांचे दोन आवाज सरसकट उडवतो. कॉम्प्युटरवर तसं कायमचं लावूनच ठेवलंय. बोहाडाही त्याने सवयीने त्याच बटणाने काढला होता. पुढच्या माइकांत पिपाणी इतकी चढलेली, की उरलासुरला संबळ तिच्याखाली गाडला गेला.

"आवाजावरून जगाला अक्कल शिकवतो मी," त्याने टेबलावर मूठ आपटली, "आणि माणूसच उडवून बसलो!"

मग मूळ फाइलची शोधाशोध. तीन हार्ड डिस्क झाल्या, काही नाही. कुसाबाई स्टुलावर बसून नुसती बघत होती. मला तर त्याला बदडावंसं वाटत होतं. चौथीत सापडली, चारही आवाज शाबूत. चित्र लहान केलं, आवाजाला हात लावला नाही.

मी म्हटलं, "तिच्या टीव्हीसाठी चार आवाज दोनांत मिसळून दे ना."

"परत पिपाणीखाली गाडू काय त्याला?" तो खेकसला. "मागचा आवाज मागूनच येणार!"

वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही टेम्पोत चार स्पीकर घालून पाड्यावर गेलो. जेवणं उरकल्यावर शाळेच्या खोलीत पडदा लावला. आधी समोरून पिपाणी आली. आणि मग पाठीमागून संबळ असा कडाडला, की अख्खी खोली वळून बघायला लागली.

कुसाबाई उठली. तिने खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून मागच्या स्पीकरसमोर बसली. शेवटपर्यंत तिने चित्राकडे पाहिलं नाही.

संपल्यावर मुझफ्फरभाई वायरी गुंडाळत तिच्याजवळ गेला. चांगलं काहीतरी ऐकायला मिळेल, असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं.

ती त्याच्यावर उसळली. "एवढा खणखणीत वाजत व्हता तुझ्याकडं," ती म्हणाली, "मंग सालभर माझ्या घरात त्यांना मुकं का ठेवलं?"