शुभाच्या हातची सळई

शुभाला सॅलडच्या काउंटरमागून बाहेर यायचं होतं, एवढंच. अमेरिकेत, न्यूअर्कच्या त्या ब्राझिलियन हॉटेलात बायका काकड्या मांडतात आणि पुरुष मांसाच्या सळया घेऊन टेबलांमधून फिरतात. असं कुठे लिहिलेलं नाही, पण चालतं असंच. शुभानं मॅनेजर वाल्दीरच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "शनिवारची संध्याकाळ देतो. एका टेबलाची तक्रार आली, की परत काकड्या."

मी तिची मैत्रीण. म्हटलं, मी येते बघायला. हॉटेल कामगारांसाठी भांडणं हेच माझं काम. शुभानं हात जोडले. "ये बाप्पा, पण तोंड उघडू नको. तू बोलली की माही नोकरी गेली."

शुभा नागपूरची, सावजी रश्श्यावर वाढलेली. इथं मसाला नाही. खडे मीठ आणि निखारे, बस्स. आधी तिला हसू आलं, मग चव कळली. दक्षिण ब्राझीलच्या गुराख्यांची ही रीत. पाहुणा पुरे म्हणेपर्यंत यजमानानं कापत राहायचं. "आपल्या पंगतीतला आग्रहच की," शुभा म्हणायची. फक्त इथं टेबलावर चकती असते. हिरवी बाजू वर असली तर वाढा, लाल असली तर फिरकू नका.

वाल्दीरनं तिला मुद्दाम मिक्स सळई दिली. बीफ, चिकन, सॉसेज, मधे कांदा आणि ढोबळी मिरची. कापायला सगळ्यात अवघड. पहिली टेबलं नीट गेली. ती सुरी वरून खाली ओढायची, गिऱ्हाईक चिमट्यानं काप धरायचं.

मग श्रीरामकाका दिसले. आमच्या एडिसनच्या मंडळाचे अध्यक्ष, सोबत प्रतिमाकाकू आणि नातू ईशान. दर गणपतीला मंडळाच्या नैवेद्याचे मोदक शुभाच करते. काका तेव्हा ब्राझिलियन पोऱ्यानं, जोआवनं, वाढलेलं चिकन मजेत खात होते. शुभाला पाहिलं आणि त्यांनी चकती लाल केली.

"शुभा? नैवेद्य करतेस तू, आणि हे बीफ घेऊन फिरतेस?"

"मिक्स आहे काका. तुम्हाला चालणार नाही, ठाऊक आहे. चिकनवाल्याला पाठवते."

"आजोबा, आय ईट बर्गर्स," ईशान म्हणाला.

"तू गप्प बस. मॅनेजरला बोलवा."

माझं डोकं सटकलं. शुभानंच मला सांगितलं होतं, या हॉटेलात शेगडीवर बीफ वरच्या फळीला आणि चिकन खालच्या. वरची चरबी खाली टपकते. जोआवच्या हातचं जे काका चाटूनपुसून खात होते, त्यात काय काय होतं, हे मी ओरडून सांगणार होते. शेजारच्या टेबलावरून अर्धी उठलेसुद्धा. शुभानं नुसतं पाहिलं माझ्याकडे. बसले.

वाल्दीर आला. "काय झालं? थंड आहे? काप जाड आला?"

"नाही."

"मग?"

काकांनी लाल चकती पुढे सरकवली. "आमच्या टेबलावर ती नको. दॅट्स ऑल."

वाल्दीरनं हनुवटीनं सॅलडकडे खूण केली. शुभा जागची हलली नाही.

"तक्रार काय, ते त्यांनी सांगितलंच नाही. मला एक सळई भाजू द्या. याच टेबलासाठी."

वाल्दीरनं भरलेल्या हॉलवरून नजर फिरवली. "एकच."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. काका घड्याळ बघत होते, मी नखं खात होते. शेवटी ती चिकनची सळई घेऊन आली आणि लाल चकतीच्या टेबलापाशी उभी राहिली. वाल्दीर खांबाला टेकून बघत होता.

"काकू, हे कडेच्या शेगडीवर वेगळं भाजलंय. वरून कसलीच चरबी पडलेली नाही. सुरी धुऊन घेतलीय."

प्रतिमाकाकूंनी हातातला काटा ठेवला. "म्हणजे मघाचं...?"

"मघाचं माझ्याकडून घेतलं असतं, तर आधीच सांगितलं असतं."

काकांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं. शुभानं सुरी लावली. काप अर्धा सुटला आणि लोंबत राहिला. चिमटा कुणी उचलेना. तिनं सळई तशीच तोलून धरली. आता सोडलं तर काप जमिनीवर.

"अहो, धरा की," काकू म्हणाल्या. काकांनी हात मांडीवरच ठेवला.

मग काकूंनी स्वतः चिमटा घेतला, काप धरला आणि तोंडात टाकला. "मीठ बरोबर आहे," त्या काकांकडे न बघता म्हणाल्या. "ईशानला दे."

काका उठून कोट घालायला लागले. यंदा नैवेद्याचे मोदक शुभाला सांगतील की नाही, कोण जाणे. गणपतीत काय होईल ते होवो.

वाल्दीर शुभावर खेकसला, "शनिवारच्या गर्दीत एका टेबलासाठी शेगडी अडवायची?"

"हो."

तो दोन पावलं गेला आणि वळला. "उद्या लवकर ये. सळईवाले आपलं मांस आपणच मिठात घोळवतात. जोआव दाखवेल."

मी टाळी वाजवायला हात उचलले, तोवर शुभा मिक्स सळई घेऊन पलीकडच्या टेबलाशी पोचली होती.