मावशीच्या वॉर्डातले टॉवेल

सोलापुरात टॉवेल विकणारी माणसं पोत्यानं सापडतील, पण टॉवेल रीतसर ॲडमिट करून घेणारी माझी मावशी अख्ख्या शहरात एकटीच. आयुष्यभर ती दवाखान्यात मेट्रन होती. तिच्या वॉर्डात चादरीला सुरकुती पडली तर पेशंट घाबरून स्वतःच उठून ती नीट करत. निवृत्त झाल्यावर तिनं वाती वळाव्यात, अशी नातेवाइकांची माफक अपेक्षा होती. तिनं मोबाइल उचलला आणि ऑनलाइन टॉवेल विकायला सुरुवात केली. फोटो काढणं, साइटवर चढवणं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी मोठ्यानं वाचून दाखवणं ही खाती भाचा या नात्यानं माझ्याकडे आली, पगार दोन वेळचा चहा.

गिऱ्हाईक काय, कुणालाही मिळतं, खरी परीक्षा होलसेलवाला मिळण्यात आहे, असं मावशीचं ठाम मत. सुरुवातीला तिनं तो इंटरनेटवर शोधला. 'डायरेक्ट फॅक्टरी रेट' म्हणत तीन गावांच्या तीन व्यापाऱ्यांनी आपापल्या कारखान्याचे व्हिडिओ पाठवले. मावशीनं चष्मा लावून तिन्ही पाहिले, मग पुन्हा पाहिले. तिन्ही व्हिडिओंत गठ्ठ्यांवर एकच बोका झोपलेला होता, डावा कान फाटलेला. तिनं तिघांनाही फोन लावून विचारलं, "बोका बरा आहे का?" दोघांनी फोन ठेवला. तिसरा म्हणाला, "कुठला बोका?" मावशी म्हणाली, "स्वतःच्या कारखान्यातला बोका ज्याला ठाऊक नाही, तो मला सूत कुठलं ते काय सांगणार?" त्याचा नंबर तिनं त्याच मिनिटाला ब्लॉक केला.

मग सोलापुरात राहून फोनवर टॉवेल शोधणं हा शुद्ध गाढवपणा आहे, असं तिलाच वाटलं आणि माझ्या स्कूटरवर बसून ती पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, फेऱ्या मारू लागली. मांडीवर बाळांचं वजन करायचा काटा. दवाखान्यातलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा तिनं तो हौसेनं घेतला होता. दुकानात शिरली की ती काटा टेबलावर मांडायची आणि टॉवेल त्यात असा अलगद ठेवायची, की समोरचा व्यापारीही नकळत हळू आवाजात बोलू लागायचा. "वजन भरत नाही," ती म्हणायची. "हडकलंय की हे. उपाशी ठेवता का?" एका लठ्ठ शेठजींनी भावात घासाघीस करताना आवाज चढवला, तर हिनं पर्समधून बीपीचं मशिन काढून त्यांच्या दंडाला बांधलं. बीपी खरंच वाढलेलं निघालं. शेठजींकडून माल काही घेतला नाही, पण मीठ सोडलं का हे विचारायला ती पुढे दोन महिने जात होती.

काट्यावर पास झालेला टॉवेल घरी यायचा आणि तीनदा धुऊन काकांच्या हाती पडायचा. काका म्हणजे मावशीचे यजमान आणि तिची प्रयोगशाळा. काका आत अंघोळ करत आणि मावशी बाहेर वही घेऊन उभी. "पाणी टिपतंय की नुसतं पसरवतंय?" आतून आवाज यायचा, "पसरवतंय!" "पाठीवर की सगळीकडे?" सोलापूरच्या मे महिन्यात काकांची काही तक्रार नव्हती, पण डिसेंबरात एका दिवसात चार नमुने आले तेव्हा त्यांनी दारच उघडलं नाही. अकरा होलसेलवाले या न्हाणीघरात नापास झाले.

बारावे अण्णा. चार माग, एक शिलाई मशिन आणि सतत खरखरणारा रेडिओ एवढा त्यांचा कारखाना. घरात तेलुगू, दारात मराठी. टॉवेल स्वतः विणायचे, काठ स्वतः शिवायचे, एकेक नग खिडकीशी धरून बघायचे. मावशीनं त्यांचा टॉवेल गालाला लावला आणि काटा पिशवीतून बाहेरच काढला नाही. पण इथं अण्णांनीच तिला नापास केलं.

"ऑनलाइनला माल देत नाय अक्का. तुमची लोकं आठ दिवस वापरतेत, मग आवडला नाय म्हणून परत. तो मी कुणाला विकू?"

"परत आलेला माझ्या घरात राहील. तुमच्या दारात नाही येणार," मावशी म्हणाली.

तिसऱ्या खेपेला अण्णांनी पाच डझन दिले. मावशीनं शब्द पाळला. आज तिच्या घरात उशीचे अभ्रे, फ्रिजवरचं कापड, माझ्या स्कूटरचं सीट, सगळं 'फोटोत होता तेवढा गुलाबी नाही' या कारणानं परत आलेल्या टॉवेलांचं आहे.

दोन वर्षं झकास गेली. मग एकदा मी गेलो, तर मावशी अण्णांच्या मालाचे काठ उसवून मशिनवर पुन्हा शिवत बसलेली. अण्णांची शिलाई पार वाकडीतिकडी गेली होती. एक दोरा लोंबला म्हणून अख्खा गठ्ठा परत करणारी ही बाई!

"परत पाठव की," मी म्हणालो.

"पाठवला तर त्यांना कळेल, त्यांना दिसत नाही ते. मोतीबिंदू आहे, मला दारातूनच दिसला. मुलगा हैदराबादला बोलावतोच आहे. एवढं निमित्त झालं की माग विकून जातील आणि तिथं खुर्चीत बसून राहतील."

अण्णांना सुचवून झालं होतं. "डोळे झकास हायत अक्का, बल्ब खराब हाय," म्हणत त्यांनी तीन बल्ब बदलले होते. ऑपरेशनला ते लई भीत होते. दर महिन्याला साठ टॉवेल मावशी शिवायची, काका उसवायचे, आणि अण्णांपुढे सगळे चूप.

शेवटी मावशीनं काकांना आजारी पाडलं. "आमच्या ह्यांचा मोतीबिंदू काढायचाय, पण भितात. तुम्हीही सोबत ऑपरेशन करून घेतलंत तर ह्यांना धीर येईल," असं तिनं अण्णांना सांगितलं. दुसऱ्याला धीर द्यायचा म्हटल्यावर अण्णा लगेच तयार. काकांचे डोळे इतके ठणठणीत, की ते सुई पहिल्या फटक्यात ओवतात. तरी बिचारे हिरवा झगा घालून अण्णांच्या शेजारी बसले, कण्हलेसुद्धा. अण्णांना आत नेल्यावर डॉक्टरांनी काकांना तपासलं आणि विचारलं, "तुम्ही कशाला आलात?" काका म्हणाले, "टॉवेलसाठी."

महिनाभरानं अण्णा काळा चष्मा लावून मावशीकडे आले. पार्सलला काढलेला गठ्ठा कोपऱ्यात होता. त्यातला एक टॉवेल उचलून ते खिडकीशी गेले. चष्मा काढला. काठावरून अंगठा फिरवला, दुसऱ्या टोकापर्यंत.

"अक्का, ही शिलाई आमची नाय."

मी फरशीकडे बघू लागलो. ज्यांना गॅस कुठून पेटतो ते ठाऊक नाही, ते काका चहा टाकायला उठले.

"तुमचीच आहे," मावशी म्हणाली. "नव्या डोळ्यांना थोडे दिवस सगळं वेगळंच दिसतं."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग मशिनकडे, मग पुन्हा तिच्याकडे. टॉवेलची नीट घडी घातली आणि गठ्ठ्यावर ठेवली. "व्हय," ते म्हणाले, "डॉक्टर पण तेच म्हणत होते."

पुढच्या महिन्याचा माल आला तेव्हा मावशीनं साठच्या साठ टॉवेल उलटून पाहिले. काठ सरळ होते. तिनं पुन्हा एकदा पाहिले. कुठंच काही उसवायला नव्हतं. मशिनवर झाकण घालताना ती जराशी हिरमुसली, आणि मला तिची इतकी माया आली, की मी चहा न मागता पार्सलं बांधायला घेतली.