खऱ्या मापाचं कुत्रं

मापवाली साडेसहा वर्षं माझ्या शेजारच्या अंथरुणावर होती. बाहेर ती बायकांचे कपडे शिवायची, आणि आत आली तरी नजरेनेच सगळ्यांची मापं घ्यायची. "तुमचा डावा खांदा उतरता आहे," हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी तिला चांगले चार शब्द सुनावले होते. नवऱ्याच्या डोक्यात इस्त्री घातली म्हणून तिला जन्मठेप झाली. आत आणली तेव्हा पाचवा महिना होता, त्यामुळे तिची चिमी तुरुंगातच जन्मली.

मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू देतात, मग बाहेर पाठवतात. चिमीने बाहेरचं काहीच पाहिलेलं नव्हतं. आई तिला पाटीवर काढून दाखवायची: कुत्रं, बस, जिना, छत्री. हात इतका सफाईदार, की आम्हाला कोण कौतुक. एकदा चिमीला लस टोचायला बाहेर नेलं, तिथे खरंखुरं कुत्रं समोर आलं. पोर किंचाळत शिपाईणबाईंच्या अंगावर चढली ती उतरेचना. परत आल्यावर आईला म्हणाली, "ते कुत्रं नव्हतंच. कुत्रं एवढं असतं," आणि तळहात पुढे केला. पाटीवर सगळंच तळहाताएवढं, मग पोरीचं काय चुकलं? आम्ही पोट धरधरून हसलो. मापवालीच्या तोंडचं पाणी मात्र पळालं.

कारण सहा वर्षं पुरी व्हायला चारच महिने उरले होते. चिमीला न्यायला तिची मावशी कशीबशी तयार झाली होती, तीही एका अटीवर. "महिनाभर ठेवून बघते, ताई. घरात सासू आहे, जावा आहेत. पोरीने वेड्यासारखं काही केलं तर अनाथाश्रमात घालावी लागेल. आधीच सांगून ठेवते, मागाहून मला बोल लावू नकोस."

त्या दिवसापासून मापवालीने पाटी सोडली आणि भिंत धरली. विटेचे तुकडे, स्वयंपाकघरातली काजळी, भिजवलेला चुना, जे हाती लागेल त्याने ती काढत सुटली. सगळं खऱ्या मापाचं. "कुत्र्याची पाठ माझ्या गुडघ्याला," असं पुटपुटत वितीने मोजायची, पुसायची, पुन्हा काढायची. बस भिंतीवर मावेना, म्हणून नुसतं चाक आणि चढायच्या पायऱ्या. चिमीचा पाय उचलून त्या पायरीला टेकवायची आणि म्हणायची, "चढ. एवढा उचलायचा." दुकानदार काढला, वजनकाट्यासकट. बाप्या माणूस काढताना तिचा हात अडखळला. तोंड तिने कोरंच ठेवलं.

ही बातमी आमच्या मोठ्या बाईंपर्यंत गेली. त्या वरच्या साहेबांना घेऊन आल्या, "आमच्या कैद्यांची कला" म्हणून. कला! इथे एका आईच्या जिवाचा नुसता पाला झाला होता. साहेबांनी मान डोलावत विचारलं, "हे सगळं सुचतं कसं तुम्हाला?" मापवालीने हात जोडले. "साहेब, बसची पहिली पायरी दीड वीत असते की दोन? मला आठवत नाही हो." साहेब गाडीतून फिरणारे, त्यांना काय ठाऊक? ते हसले आणि पुढच्या बराकीकडे वळले.

ठरल्या दिवशी मावशी आली आणि चिमी गेली. जाताना रडली नाही, कारण तिला सगळं खऱ्या मापाचं बघायला मिळणार होतं. मापवाली महिनाभर जेमतेम दोन घास खायची आणि दिवस मोजायची.

महिन्याने मावशी एकटीच आली. त्या दिवशी माझाही भाऊ भेटीला आला होता. जाळीपलीकडून तो वकिलाचं काहीतरी सांगत होता, पण माझे कान शेजारी होते.

"कुत्र्याला नाही ना भ्यायली?" मापवालीने आधी हेच विचारलं.

"नाही गं. गल्लीतलं कुत्रं मागे मागे फिरतं तिच्या. बसमध्येही टुणकन चढली."

"मग?"

मावशी पदराशी चाळा करत राहिली. "ती दार उघडत नाही, ताई. कुठलंच नाही. दारापुढे उभी राहते, कुणीतरी उघडेपर्यंत. परवा न्हाणीघरात गेली, वाऱ्याने दार लोटलं गेलं. कडीबिडी काही नाही. पोर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आत उभी. हाक नाही, रडणं नाही. कपडे ओले केलेले. शाळेतही तेच. बाई म्हणतात, हिच्या डोक्यात कमी आहे. सासूबाई ऐकत नाहीत आता. सोमवारी नेऊन सोडायचं ठरलंय."

मापवालीने जाळी दोन्ही हातांनी धरली. "कमी नाही गं तिच्या डोक्यात! माझं राहिलं. दार काढायचं राहिलं माझं. आठ दिवस दे. तू तिचा हात धर, दारावर ठेव आणि ढकल. एवढंच. पाया पडते तुझ्या."

"मी केलं नसेल का ते?" मावशीही रडत होती. "मी धरला की ढकलते. मी सोडला की उभी राहते."

आत आल्यापासून आमच्यातल्या एकीचाही हात कधी कडीला लागला नव्हता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

भेटीची वेळ संपली. मावशी मागे वळून बघत बघत गेली. मापवाली डोळे पुसत उठली, बराकीकडच्या दाराशी गेली आणि थांबली. मी तिच्या मागे.

"काय गं, खांब झालात का दोघी?" शिपाईणबाई मागून ओरडल्या. "ढकला की. नुसतं लोटलेलं आहे."

आम्हाला ऐकू आलं होतं. तरी आम्ही तशाच उभ्या होतो. शेवटी त्याच पुढे आल्या, पायाने दार ढकललं, तेव्हा कुठे आम्ही आत गेलो.