लाल बाण तेवढा सरळ

पेंटरला एकच गोष्ट सरळ जमायची, ती म्हणजे अक्षर. बाकी सगळा कारभार वळणावळणाचा. दातांच्या डॉक्टरांनी एकदा त्याला दोन तास ताटकळत ठेवलं, तर त्यांच्या पाटीवरच्या हसऱ्या तोंडात त्यानं एक दात कमी रंगवला. आठ वर्षं झाली, डॉक्टरांच्या अजून लक्षात आलेलं नाही. त्यांच्या पेशंटांच्या मात्र आलंय.

त्याची बायको सगळ्यांची काकू. जुन्या चार खोल्यांच्या दवाखान्याच्या फाटकाशी पत्र्याखाली तिची चहाची टपरी, वीस वर्षांची. गावात दोन कारखाने आले, वस्ती फुगत गेली, दवाखान्याची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आली आणि काकूचं पातेलं त्या रांगेच्या जिवावर उकळत राहिलं. मग नवं इस्पितळ बांधायचं ठरलं. तीन मजले, शंभर खाटा, लिफ्ट. काकूलाही आत हक्काचा गाळा मिळाला, नळासकट, फरशीसकट. फक्त तो होता इमारतीच्या पाठीमागे, धुलाईची खोली आणि जनरेटर यांच्या मधोमध. नकाशा काढणाऱ्यानं जन्मात कधी चहा प्यायला नसावा.

इस्पितळ उघडलं तेव्हा निम्म्या दारांवर प्लॅस्टिक तसंच होतं आणि जिन्याचा रंग हाताला लागत होता. पेशंट भरपूर आले, पण मागे कोण येतंय? पहिल्या आठवड्यात काकूचं दूध दोनदा नासलं. एका संध्याकाळी ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "महिनाअखेरीस गाळा परत करते. वीस वर्षं केलं, पुरे झालं."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. बायको ओरडली की पेंटरला बरं वाटायचं, घर जागेवर आहे असं वाटायचं. ही शांतता काही त्याला सोसवेना.

नेमकं त्याच सुमारास इस्पितळातल्या पाट्यांचं काम त्याच्याकडे आलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एकतीस पाट्यांची यादी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "कुठून कसं जायचं ते तुम्हीच फिरून बघा आणि बाण काढा. मला पेशंट बघू देत."

बाईंचं चुकलं ते इथे. दर्शनी हॉलमधून दोन वाटा फुटायच्या. डावीकडची सरळ, चाळीस पावलांत एक्स-रे, रक्ततपासणी, औषधांची खिडकी, सगळं गाठून देणारी. उजवीकडची अख्ख्या इमारतीला वळसा घालून, धुलाईची खोली, काकू, जनरेटर असं दर्शन घडवत पलीकडून तिथेच पोचायची. दोन्ही वाटा खऱ्याच, मग बाण खोटा कसा होईल, असं पेंटरनं स्वतःला पटवलं आणि तीस बाण उजवीकडे वळवले. अपघात विभागाचा लाल बाण तेवढा त्यानं सरळ ठेवला. तेवढी अक्कल शाबूत होती.

चौथ्या दिवशी काकूला मान वर करायला फुरसत नव्हती. चहा, टोस्ट, बिस्किटं, उकडलेली अंडी. तिनं दुसरं पातेलं काढलं. "लोकांना चव कळली शेवटी," ती म्हणाली. पेंटर मान खाली घालून अंडी सोलू लागला.

इकडे लॅबवाला मात्र डोकं धरून बसला होता. आठवडाभरात अख्ख्या गावाची साखर वाढली होती. त्यानं मशीन पुसलं, बंद करून सुरू केलं, शेवटी कंपनीचा मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकनं खात्री करायला स्वतःचंच रक्त तपासलं, तर त्याचीही साखर वर. तोही बिचारा बाण बघत बघतच आला होता. डॉक्टरीणबाई गावाच्या पाण्यावर संशय घेऊ लागल्या आणि काही पेशंटांच्या गोळ्याही त्यांनी वाढवल्या.

मग एके सकाळी एक निवृत्त मास्तर काकूकडे आले. दोन टोस्ट, साखर घातलेला चहा. पैसे काढताना त्यांच्या खिशातून कागद पडला. काकूनं तो उचलला. वर लिहिलं होतं, उपाशीपोटी.

"मास्तर, हे काय?"

"हो, जातोच आहे रक्त द्यायला. एवढं चालून जीव कासावीस होतो हो. परवापासून एक गोळी वाढवलीय मला."

"पण रक्त द्यायला इकडून कशाला आलात?"

"बाणानं आणलं."

काकूनं गॅस बंद केला, मास्तरांना घरी पाठवलं आणि वाढलेली गोळी बाईंना विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं बजावलं. मग ती दर्शनी हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. बाणाबाणानं चालत निघाली ती थेट स्वतःच्याच गाळ्यासमोर आली. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. लग्नाआधी त्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या तिनं जपून ठेवल्या होत्या.

पेंटर तिसऱ्या मजल्यावर शिडीवर होता.

"अहो, खाली उतरा."

"अगं, रंग ओला आहे."

"उतरा म्हणते ना. लोकांच्या गोळ्या वाढल्यात तुमच्यापायी. मला वाटलं माझ्या हाताला चव आली."

तिचा आवाज शेवटी जरा फाटला. ते ऐकलं आणि पेंटरची सगळी मस्करी उतरली. आपण बायकोचा गाळा वाचवायला निघालो आणि तिच्या वीस वर्षांच्या हाताचं कौतुकच खोटं करून बसलो, याची त्याला लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंसमोर त्यानं सगळं कबूल केलं. बाईंनी एकच विचारलं, "लाल बाण?"

"तो सरळ आहे, मॅडम."

बाई उठल्या, लाल बाणाबरोबर स्वतः चालून आल्या, मगच खुर्चीत बसल्या. "सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि नवे बाण वाळेपर्यंत हॉलमध्ये हात लांब करून तुम्ही उभे राहायचं."

"मॅडम, गाळा मी आजच सोडते," काकू म्हणाली. "लबाडीवर नको मला धंदा."

तेव्हा कोपऱ्यातला लॅबवाला खाकरला. "बाई, एक सांगू? जी थोडी माणसं खरंच उपाशी येतात, ती रक्त दिलं की माझ्या दारात घेरी येऊन बसतात. काल दोघं पडली. त्यांना लगेच काहीतरी पोटात घालायला हवं. काकूंकडेच पाठवायला हवं खरं तर."

बाईंनी जरा विचार केला. "म्हणजे बाण हवाच. फक्त लॅबच्या दारातून बाहेर जाणारा." मग त्या पेंटरकडे निरखून पाहू लागल्या. "काय हो, तुम्ही आल्यापासून तिसरा ग्लास पाणी पिताय. स्वतःची साखर कधी तपासलीत?"

पेंटर छताकडे बघू लागला.

"तीन वर्षं टाळतायत," काकू म्हणाली. "उद्या सकाळी येतील. उपाशीपोटी."

बाण नव्यानं रंगवून झाले तसा उरलेला दिवस पेंटर हॉलमध्ये हात लांब करून उभा राहिला. येणारा जाणारा विचारायचा, पेंटर, हे काय? तो म्हणायचा, "बाण." दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच्याच नव्या बाणांबरोबर चाळीस पावलं सरळ चालत गेला, डोळे मिटून रक्त दिलं आणि बाहेर आला. दारात त्यानंच कालच रंगवलेली पाटी होती: रक्त दिलंत? आता चहा घ्या.

गाळ्यावर गर्दी होती. पूर्वीपेक्षा थोडी कमी, पण उपाशी आणि खरी. मास्तरही होते, आज रक्त आधी देऊन आलेले. काकूनं पेंटरसमोर कप ठेवला. त्यानं मोठा घोट घेतला आणि थबकला. साखरेचा कणही नव्हता.

"अगं, रिपोर्ट अजून यायचाय."

"येईल की," काकू पातेलं ढवळत म्हणाली, "वळसा घालून."

मास्तर हसले. पेंटरनं कप तळापर्यंत संपवला आणि चव चांगली आहे, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.