महादेवच्या गाडीच्या प्लग-वायरी

समस्त नागरिकांनो, कान द्या. देशाच्या संरक्षणाइतकीच नाजूक बाब सांगतो. यवतमाळात आम्ही दोन माजी सैनिकांनी एका जुन्या पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगच्या वायरी निवडल्या.

गाडी नाईक महादेवची. तो सीमेवर गेला, गाडी राहिली. दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनी सुमनवहिनी नवऱ्याच्या याच गाडीतून घाटंजीजवळच्या गावी जातात. तिथल्या शाळेत मानवंदना असते. सुभेदार साहेब आणि मी हवालदार, आम्ही त्यांचे एस्कॉर्ट. त्या सकाळी इंजिन अडखळू लागले. दुसरी गाडी करू म्हटले.

"ह्याईच्याच गाडीतून जाईन," वहिनी म्हणाल्या. "नाही तं जातच नाही."

बोनेट उघडले. वायरींचे रबर तडकले होते. साहेबांनी चारही वायरी एकदम उपटल्या आणि सलीमभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन काउंटरवर फॉलइन केल्या. लांब उजवीकडे, आखूड डावीकडे.

"लाल सेट द्या. स्मार्ट दिसते."

"लंब्या हैत साहेब, पंख्यात अटकतीन," सलीमभाई म्हणाले. "काळा घ्या, बराबर मापाचा."

"बोनेटखाली कोन पाहून राह्यलं सर, लाल का काळा?" मी घड्याळ पाहत म्हणालो.

"हवालदार, चूप!"

तरीही साहेब पुन्हा पुन्हा लालकडे वळत होते. शेवटी काळा घेतला.

अंगणात नव्या वायरी प्लगवर बसल्या. दुसरी टोके डिस्ट्रिब्यूटरवर लावायची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डबीवर. कुठली कुठे, हे उपटताना कोणी पाहिलेच नव्हते. साहेबांनी तिथेही उंचीप्रमाणे रांग लावली.

"स्टार्ट!"

"स्टार्ट, सर!" मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

धडाम!

सायलेन्सरमधून असा बार निघाला की साहेब आणि मी क्षणात पोटावर. कोपरे जमिनीत, डोकी खाली, कव्हर पक्के. शेजारची कोंबडी मात्र जागची हलली नाही. वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

आम्ही धूळ झटकली. डिस्ट्रिब्यूटरवरच्या वायरींच्या जागा बदलत राहिलो. अखेर इंजिन एका सुरात चालू लागले.

घाटंजी रोडला लागलो. महादेव गेला त्या दिवशी सीमेवरच्या चौकीवर फायर आला, तेव्हाही साहेब आणि मी असेच आडवे झालो होतो. महादेव उभा राहिला. जखमी सिग्नलमनला ओढत होता. सिग्नलमन वाचला.

वहिनींना हे ठाऊक आहे. कपाशीच्या शेतांकडे पाहता पाहता त्या एकदम बोलून गेल्या, "भाऊजी, ह्याईले एकदा तरी तुमच्यासारखं आडवं पडता आलं असतं तं काय बिघडलं असतं हो!"